लपणातली घुबडांची जोडी

लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्याला पक्षी आवडू लागले.

तोपर्यंत ह्यांच्या लेखी जगात दोनच पक्षी होते: कावळा आणि इतर. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस! अंगणात बुलबुल बसला की म्हणायचे, "चिमणी आली बघ." मी म्हणायची, "अहो, बुलबुल आहे तो." त्यावर उत्तर, "असेल. मोजला तर एकच ना?"

असे हे गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी पहाटे पाचला उठले, डोक्यावर शेवाळी रंगाची नवीकोरी टोपी चढवली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि स्कूटर बाहेर काढू लागले.

"कुठे निघालात?"

"पक्षी बघायला. खालापूरच्या अलीकडे ते निसर्ग उद्यान झालंय ना, तिथे. डॉक्टरच म्हणालेत, मोकळ्या हवेत जात जा."

(डॉक्टर हे बारा वर्षांपूर्वी म्हणाले होते!)

मी अडवलं नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मी कोणाला कशासाठीच अडवत नव्हते. आमच्या कर्जतच्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. ती जाऊन चार वर्षं झाली, तरी मागच्या खोलीतली तिची खाट मी हलवली नव्हती. दुपारी तिथे जाऊन बसायचं आणि बसलोय हे विसरायचं, एवढा एकच छंद मला होता. तेव्हा घरातल्या एकाला तरी पक्ष्यांचा छंद लागतोय, तर लागू दे, म्हटलं.

पण तिसऱ्या रविवारी मला पोह्यांनी शंका आणली.

"जरा जास्त कर गं पोहे," हे म्हणाले. "दोन डबे भर."

"दोन डबे कशाला? बगळ्यांना घालणार आहात?"

"थंडीत भूक लागते."

दुपारी परत आले तर दोन्ही डबे धुतल्यासारखे स्वच्छ. मी सहज विचारलं, "काय दिसलं आज?"

"पक्षी."

"कुठला?"

"लांब होता."

"रंग?"

"पक्ष्याचाच."

आणि चेहऱ्यावर समाधान! तेहेतीस वर्षांत हा माणूस घरी परत येताना एवढा समाधानी कधी दिसला नव्हता. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवी टोपी, दोघांचे पोहे, चेहऱ्यावरचं तेज. पक्षी होताच, पण तो साडी नेसणारा होता!

पुढच्या रविवारी हे निघाले आणि दुसऱ्याच मिनिटाला मी बाळूच्या रिक्षात होते. बाळू आमच्या आळीतला, ह्यांचाच जुना विद्यार्थी.

"कुठं जायचं, वहिनी?"

"त्या स्कूटरच्या मागे."

बाळूने डोळे बारीक करून पाहिलं. "ती तर सरांची स्कूटर हाय."

"म्हणूनच."

त्यानंतर बाळू मधूनमधून आरशात माझ्याकडे पाहून "च्‌ च्‌" करायचा. पौषातली सकाळ, रस्त्यावर असं दाट धुकं की पुढची स्कूटर कधी दिसायची, कधी फक्त तिचा खोकला ऐकू यायचा. मधेच हे एका टपरीवर केळी घ्यायला थांबले. (केळीसुद्धा! मला गेल्या पाच वर्षांत एक केळं कधी सोलून दिलं नव्हतं.)

"आपन पन थांबायचं?" बाळूने विचारलं. "सर वळखतील."

"नको. पुढे काढ. आधी पोचू आणि लपून बसू."

उद्यानाच्या फाटकावर एक काटकुळी बाई शेकोटीशी हात शेकत बसली होती. मला बघून ती ताडकन उठली.

"आवो, आत्ताच तर आत गेलाव ना तुमी! परत बाहेर कवा आल्या?"

"मी? मी आत्ताच येतेय."

"नाय वो! हेच तोंड, हीच चाल. निसती शाल येगली व्हती." ती माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत राहिली. "बरं, जावा. धुक्याचं कायबाय दिसतं मानसाला."

मी तिला वेड्यात काढलं आणि आत शिरले. आता वाटतं, अख्ख्या उद्यानात त्या दिवशी नीट निरीक्षण करणारी ती एकटीच होती.

तळ्याच्या काठी एक लपण होतं. लपण म्हणजे गवताने शाकारलेली खोपटी. आत बाकावर बसायचं, कुडाला ठेवलेल्या भोकांतून बाहेर बघायचं, पक्ष्यांना आपण दिसत नाही. नवऱ्यांनाही दिसत नसणार, असा हिशोब करून मी आत घुसले. दारावर पाटी होती: 'शांतता राखा'.

आत अंधार. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आधीच बसलं होतं. तपकिरी शाल, माकडटोपी, भोकाला डोळा लावलेला. मी म्हटलं, असेल कोणी अभ्यासू गृहस्थ. मी माझ्या भोकाला डोळा लावला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आम्ही दोघं दगडासारखे बसलो होतो.

मग तो गृहस्थ खोकला. आधी एक छोटा खोकला, मग दोन मोठे, मग "अगं बाई."

असा खोकला अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकाच बाईचा आहे. ती नेरळला राहते, आणि ती माझी सख्खी मोठी बहीण मंदाताई आहे. आणि चार वर्षांपासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, आणि ते काही हसण्यासारखं नाही.

आई गेली त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही उल्हासच्या काठावर गेलो होतो. आम्हाला भाऊ नाही, म्हणून सगळं ह्यांनीच केलं. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे होते. पंधरा-वीस तरी होते. पण एकही जवळ येईना. एक तास झाला, दीड तास झाला. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. ह्यांनी हात जोडून म्हटलं, "आई, कुंदाची काळजी करू नका." कावळा ढिम्म. मंदाताईच्या यजमानांनी म्हटलं, "आई, मंदाला आम्ही जपू." कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं.

घरी परतल्यावर ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "आईचं काहीतरी राहिलंय. काय ते कुंदाला माहीत असणार. तिच्याकडे होती."

मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. म्हणूनच मी एवढी चवताळून उठले. "वर्षातून चार वेळा यायचं, उशी उंच आहे म्हणायचं, भात फडफडीत आहे म्हणायचं आणि पाच वाजता निघून जायचं! तू नको मला शिकवू आईचं काय राहिलं ते!"

ताईने पायात चपला घातल्या आणि गेली. कर्जत ते नेरळ अंतर ते किती! पण चार वर्षांत ते आम्हा दोघींनाही कापता आलं नाही.

तर ती ताई आता माझ्यापासून हातभर अंतरावर माकडटोपी घालून बसली होती.

तिनेही मला ओळखलं. अबोला धरलेल्या माणसांनी एका बाकावर बसल्यावर करायचं काय? मी कुडाकडे बघून म्हणाले, "काही लोकांना सकाळी सकाळी घरी कामं नसतात वाटतं."

ताई तळ्याकडे बघून म्हणाली, "काही लोक भाजीच्या टेंपोत बसून आलेत, नवरा कुठे जातो ते बघायला. लोकांनी आपापल्या भोकातून बघावं."

मी दचकले. "लोकांचा नवरासुद्धा पक्षी बघायला येतो की काय?"

"लोकांचा नवरा दर रविवारी थर्मास भरून नेतो. दोघांचा चहा."

दोघांचा चहा! दोघांचे पोहे! माझ्या डोळ्यांपुढे ती बाई स्पष्ट उभी राहिली. एकीकडून पोहे, दुसरीकडून चहा. काय हुशार बाई असेल! चार वर्षांत पहिल्यांदा मला ताईबद्दल माया वाटली. समदुःखी म्हणतात ते हेच. मी रुमाल पुढे केला. तिने घेतला नाही. (माझ्या रुमालाशीही तिची बोलणी नव्हती.)

तेवढ्यात धुक्यातून पावलं वाजली. आम्ही दोघी एकदम भोकांना चिकटलो. आधी शेवाळी टोपी आली. मग दुसऱ्या बाजूने ताईचे यजमान, आमचे वसंत भाऊजी आले, हातात थर्मास. नेरळला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे थर्मास मोठा. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत तशी कडकडून मिठी मारली.

"या श्रीधरराव!"

"या वसंतराव! पोहे आणलेत."

आणि दोघं लपणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या बाकावर, आमच्या नाकापासून वीतभर अंतरावर, पाठ करून बसले.

आम्ही बाईची वाट बघत राहिलो. बाई आली नाही. केळी सोलली गेली, चहा ओतला गेला, बाई काही येईना. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की बाई नव्हतीच. बायकांचं पटत नाही म्हणून चार वर्षं भेटायची चोरी झालेले दोन म्हातारे साडू होते. क्षणभर मला निराशाच वाटली. बाई असती तर भांडायला तरी काही मिळालं असतं. इथे भांडणार कोणाशी? स्वतःशी?

भाऊजी पोह्यांचा घास घेऊन म्हणाले, "व्वा! काय हात आहे कुंदाचा! आमच्याकडचे पोहे म्हणजे काय सांगू, ताटात पडले की टण्‌ असा आवाज येतो."

शेजारून ताईचा श्वास जोरात बाहेर पडला. मी विजयी मुद्रेने तळ्याकडे पाहिलं.

"चहा मात्र मंदाताईंचा," हे म्हणाले. "आमच्याकडे चहा म्हणजे, आधण कुठे संपतं आणि चहा कुठे सुरू होतो हे अजून मला सापडलेलं नाही."

आता ताईने तळ्याकडे पाहिलं.

समोर तळ्यात एक पाणकावळा पंख पसरून वाळत होता. त्याच्याकडे दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही.

भाऊजी म्हणाले, "मंदाचं काही खरं नाही, श्रीधरराव. सासूबाईंच्या फोटोला अजून हार घालत नाही. म्हणते, मला निरोपच मिळाला नाही, तर मी हार कशी घालू? रोज संध्याकाळी फोन घेऊन बसते. कुंदाचा नंबर काढते, बघते, ठेवून देते."

ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "वसंतराव, एक सांगतो. मनात ठेवा."

हे काय सांगणार ते मला कळलं. जगात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, आणि तिसरी व्हायला नको ती बाई माझ्या शेजारी कुडाला कान लावून बसली होती! ओरडावं तर चोरी उघडी. खोकावं तर ताईचा खोकला ठरेल. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. मी तोंडाला हात लावून आवाज काढला:

"कुहू!"

पौषात!

हे थांबले. मान वर करून म्हणाले, "कोकीळ."

"हो, कोकीळ," भाऊजी म्हणाले.

महिनाभर दर रविवारी पक्षीनिरीक्षण केलेले दोन पुरुष! मी आणखी जोरात "कुहू" केलं. शेजारी ताई माझ्याकडे, हिला भ्रम झालाय अशा नजरेने बघत होती. आणि हे पुढे बोलू लागले.

"आई गेल्या त्या दुपारी त्यांनी मंदाताईंना बोलवायला सांगितलं होतं. दोनदा. कुंदा म्हणाली, संध्याकाळी करते फोन. तिला वाटलं, ताई येईल, उशी उंच आहे म्हणेल, सगळ्यात चुका काढेल. आज नको, उद्या बोलवू. आणि चार वाजता आई गेल्या. तिने हे कोणाला सांगितलं नाही. कावळा शिवला नाही ना, त्या दिवसापासून ती नीट झोपलेली नाही."

मी कुडाकडे बघत राहिले. ताईकडे बघायची छाती झाली नाही. गवताच्या एका काडीवर दव जमलं होतं, ते मी बघत बसले. आता ती उठेल, माझ्या झिंज्या धरेल, निदान माझं नाव घेऊन ओरडेल. मला चालणार होतं. चार वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

पण ताई ओरडली नाही. तिने शालीचा बोळा तोंडात कोंबला, आणि त्या बोळ्यातून एक आवाज आला.

"हुं... हुं... हुंहूं."

नेमक्या त्याच वेळी तळ्याच्या वळणावरून खऱ्या पक्षीनिरीक्षकांचा गट आला. आठ-दहा माणसं, हातभर लांब कॅमेरे, आणि पुढे एक उंच गृहस्थ, ज्यांना सगळे 'सर' म्हणत होते. सरांनी एकदम हात वर केला.

"कोणी हलू नका!"

सगळे जागच्या जागी थिजले. आमचे दोघे नवरेसुद्धा.

"हुं... हुंहूं."

"घुबड," सर कुजबुजले. "पण हा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. मध्येच ती उचकी ऐकलीत? ध्वनिमुद्रण सुरू करा."

ताईचे खांदे गदगदत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मलाच रडू फुटलं. रडताना माझा आवाज बारीक आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"हिं... हिंहीं."

"जोडी आहे!" सर थरथरले. "मादी उत्तर देतेय!"

"वसंतराव, घुबडांची जोडी!" ह्यांचा आवाज आनंदाने फाटला होता. चार रविवारांत ह्यांना पहिल्यांदाच एक पक्षी सापडत होता. "गवतातूनच येतोय आवाज! आपल्या पाठीमागून!"

"किती करुण स्वर आहे," गटातली एक बाई म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

सर वहीत लिहू लागले. कॅमेरे आमच्या दिशेने सरकू लागले. ताईने मला कोपराने ढोसलं: पळ! ती उठली. आणि इथे मला आमच्या त्या बाकाबद्दल एक शास्त्रीय माहिती द्यायची आहे. त्याचे पाय दोन्ही टोकांना नव्हते, मध्यावर होते. ताई उठली तशी तिची बाजू भसकन वर गेली, माझी खाली गेली, आणि मी पाठीमागे न पडता समोर, भोकातून बाहेर बघत असल्यासारखी, थेट कुडावर गेले. कुड जुना होता. मी पडले नाही असं नाही, पण एकटी पडले नाही. अर्धी भिंत अंगावर पांघरून मी ह्यांच्या आणि भाऊजींच्या मधोमध, उरलेल्या पोह्यांवर, बाहेर आले.

कॅमेरे कडकडले. (सवयीने हो! त्यांचा दोष नाही.)

सरांची लेखणी वहीवर तशीच राहिली. ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून माझ्याकडे पाहिलं, मग उलटी करून पाहिलं, आणि म्हणाले,

"कुंदा? तूही पक्षी बघायला लागलीस?"

"ही एक झाली," भाऊजी हळूच म्हणाले. "दुसरी कुठाय?"

दुसरी दारातून आली. शाल सावरत, माकडटोपी काढत, एखाद्या समारंभाची पाहुणी यावी तशी. भाऊजींच्या हातातला थर्मास खाली पडला. ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या केसांत गवत होतं, कपाळावर शेंगदाणा चिकटला होता.

"आई काय म्हणाली होती?" ताईने विचारलं. "नेमके शब्द सांग."

"म्हणाली... मंदी आली का बघ."

"दोनदा?"

"दोनदा."

"मग तू काय म्हणालीस?"

"पहिल्यांदा म्हटलं, संध्याकाळी येईल. दुसऱ्यांदा..." इथे माझा धीर सुटला. "दुसऱ्यांदा खोटंच बोलले गं, ताई. म्हटलं, निघालीये ती. वाटेत आहे. मग आई 'बरं' म्हणाली आणि तिने डोळे मिटले."

"किती वाजले होते?"

"साडेतीन असतील."

ताई माझ्या शेजारी, त्या मोडक्या कुडावर मटकन बसली.

"खोटं नाही बोललीस," ती म्हणाली. "साडेतीनला मी नेरळच्या फलाटावर होते. शेजारणीने सांगितलं होतं, आईला बरं नाही. तिकीट काढून उभी होते. गाडी आली. मग मनात आलं, कुंदीने बोलावलेलं नाही. न बोलावता कशाला जायचं? गाडी सोडली आणि घरी गेले."

तिने हे चार वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. भाऊजींच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही. गटातल्या त्या बाईने पुन्हा डोळे पुसले. सर दोन पावलं पुढे आले, दोन पावलं मागे गेले, आणि शेवटी अगदी आदराने म्हणाले, "आपल्या दुःखात व्यत्यय आणायचा नाही. पण वहीत आम्ही 'घुबड, जोडी' असं लिहिलंय. ते... खोडू ना?"

"खोडा," ताई म्हणाली.

"आणि मघाचा कोकीळ?"

"तोही," मी म्हणाले.

सरांनी दोन्ही नोंदी खोडल्या. आयुष्यात एवढा खचलेला माणूस मी पाहिला नाही. जाताना त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आपण पुढच्या रविवारी आला नाहीत तरी चालेल, आणि शक्यतो कुटुंबाला तर आणूच नये.

फाटकावरच्या बाईने आम्हा दोघींना एकत्र बाहेर येताना पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "दोन हायत! मी म्हनलं ना दोन हायत! मलाच याड लागल्यावानी बगत व्हत्या ह्या!"

परतताना आम्ही चौघं भाऊजींच्या गाडीतून आलो. स्कूटर बाळू घेऊन आला. (रिक्षा तिथेच ठेवून! "सरांसाठी कायपन," म्हणाला. आतली गोष्ट ऐकायला तो थांबला होता, हे आम्हाला नंतर कळलं.) खिडकीबाहेर धुकं तसंच होतं. चौकचा फाटा गेल्यावर ताई म्हणाली, "एक लक्षात ठेव, कुंदे. मी तुला माफ केलेलं नाही."

"बरं."

"स्वतःलाही केलेलं नाही. फक्त बोलायला लागलेय."

"तेवढंही पुष्कळ आहे."

"आणि केसातलं गवत काढ. तुझ्या भाऊजींची सीट नवीन आहे."

त्या दिवशी ती आमच्या घरी आली. मागच्या खोलीत गेली, आईच्या खाटेवर बसली, आणि उशी हातात घेऊन बघितली. मी दारात श्वास रोखून उभी. तिने उशी खाली ठेवली, तिच्यावर हात फिरवला, आणि म्हणाली, "उंच नाहीये गं." मग आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. या वेळी कोणी ध्वनिमुद्रण केलं नाही.

आता आम्ही बोलतो. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, आणि दुपारी काही राहिलं असेल तर तेव्हाही. चार वर्षांचं साठलेलं आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्या चुकांबद्दल आहे, निम्मं तिच्या. गेल्या महिन्यात ताईला चक्कर आली म्हणून मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून बीपी पाहिलं, जुने कागद पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चार वर्षं इतकं छान होतं हो तुमचं. एकदम कशाने वाढलं? हल्ली आयुष्यात नवीन काय सुरू झालंय?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बंद करता येईल का?"

"नको हो," ताई म्हणाली. "बंद करून पाहिलंय. त्याने झोप जाते."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तेव्हापासून ताईच्या पथ्याच्या यादीत लोणचं, पापड आणि मी, आठवड्यातून दोनदाच. तेही बेताने.